टाकीवरून ऐकलेला हलका आवाज

एदेल्मिराबाईंनी मला आपल्या पाण्याच्या टाकीवर बसू दिलं, त्यात त्यांचा फायदा काय होता तो आधी मांडतो, म्हणजे पुढचं सगळं नीट जुळेल. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. वर डोंगरात शेळ्यांच्या गोठ्यापाशी एकटा राहणारा थोरला भाऊ एवारिस्तो सकाळी जिवंत उठला, हे घरबसल्या कळावं. तो वेळेवर जेवला का, हे कळावं. आणि जेवला नसेल तर त्याला तिथल्या तिथे झापता यावं. याआधी झापण्यासाठी बाईंना दगडांची वाट चढून जावं लागे, आणि वर पोचेपर्यंत झापायला दमच उरत नसे. एका रिकाम्या टाकीच्या झाकणाच्या बदल्यात एवढं मिळत असेल तर सौदा वाईट नव्हता.

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. हवेतून आलेला निरोप धरायचा आणि पुढच्याच्या हाती द्यायचा, एवढंच माझं काम. आज माझ्या पेटीला तडा गेलाय, गंज चढलाय, आणि डोक्यावर पक्ष्यांच्या एका जोडीने मातीचं घर बांधलंय. पण माझेही दिवस होते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एकसारख्या भावंडांच्या रांगेत सरकत सरकत मी खोक्यात पडलो, आणि खोकं उघडलं ते थेट ताला वेर्दे गावच्या शाळेत. उघडणारी होती यानिना. ती कोर्दोबा शहरात शिकायची, बिनतारी जाळ्यांवर प्रबंध लिहायची, आणि बोलताना हात इतके हलवायची की शेजारच्याचा पेला हमखास सांडायचा. मोबाइल कंपन्यांनी या खोऱ्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, म्हणून गावाने आपलं जाळं आपणच विणायचं ठरवलं होतं, आणि यानिना ते शिकवायला आली होती. कारखान्याने भरवलेलं सगळं तिने माझ्या डोक्यातून पुसलं आणि नवा धडा दिला: इथे कोणी मोठा नाही, कोणी मुख्य नाही, ज्याला जो ऐकू येतो त्याने त्याचा निरोप पुढे द्यायचा.

त्या शनिवारी निम्मं गाव शाळेत जमलं होतं. अंगणात मक्या-भोपळ्याची दाट आमटी हंड्यात रटरटत होती. पुरुष तारा डाखत होते आणि बायका त्यांच्या डाखण्याला नावं ठेवत होत्या. डोंगराकडचं दूरचं ऐकू यावं म्हणून मला एक खास कान हवा होता. एदेल्मिराबाईंनी पाकातल्या पीचचा रिकामा डबा आणला. त्याला भोक पाडून तार डाखली, आणि झाला माझा कान. गावाकडचं ऐकायला साधी काडी होतीच. कान दोन झाले, ऐकणारा मेंदू मात्र एकच राहिला. हे लक्षात ठेवा, मित्रांनो, माझं सगळं दुखणं त्यातच आहे. बाकी पाकाचा वास डब्यात बरेच दिवस राहिला, आणि माझी पहिली ओळख झाली ती मुंग्यांशी.

टाकीवरून मला सगळं दिसायचं. वर घळीत एवारिस्तोची झोपडी आणि तिच्यावर माझा भाऊबंद, सूर्यावर चालणाऱ्या पत्र्याला आणि ट्रकच्या जुन्या बॅटरीला जोडलेला. बॅटरी थकलेली, म्हणून त्याचा आवाज हलका. खाली गावातली छपरं आणि त्यांत सगळ्यात उंच छप्पर रोसेन्दोशेठच्या दुकानाचं. मागच्या अंगाला नदी. काठावर उन्हाळ्यात शहरातले लोक डुंबायला येत, तिथेच एदेल्मिराबाईंच्या दिवंगत नवऱ्याने बांधलेली मातीची भट्टी. तिच्यातला पाव आणि भावाच्या शेळ्यांच्या दुधाचं चीज बाई टेबल मांडून विकत. एवारिस्तोची झोपडी आणि रोसेन्दोचं दुकान यांच्यामध्ये टेकडीचा खांदा आडवा. त्या दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नसे. दोघांनाही ऐकणारा मी, मधला.

हे मधल्याचं दुखणं यानिनाने फार सुरेख समजावलं होतं. तिने शाळेच्या पटांगणात माणसांनाच राऊटर बनवून उभं केलं. भिंतीच्या अलीकडे एवारिस्तो, पलीकडे रोसेन्दो, आणि भिंतीच्या टोकाला, दोघांना ऐकू येईल अशा जागी एदेल्मिराबाई.

"आता दोघांनी एकदम मावशींना निरोप सांगायचा," यानिना म्हणाली.

"बारके, शेळी व्यायलीय, जुळी झालीत!" एवारिस्तो पुटपुटला. पासष्टीच्या बहिणीला तो अजून बारकेच म्हणायचा.

"एदेल्मिराबाई, पीठ आलंय, घेऊन जा!" रोसेन्दोने त्याच क्षणी हाक दिली.

"काय कळलं, मावशी?"

"कळलं की रोसेन्दोला जुळं झालंय," बाई म्हणाल्या, आणि सगळं पटांगण हसून लोळलं.

"बघा," यानिना म्हणाली, "दोघांचीही चूक नाही. दुसरा बोलतोय हे दोघांनाही माहीत नाही. सोसतो तो मधला."

मग तिने शाळेच्या भिंतीवर मोठा तपकिरी कागद लावला. प्रत्येक छपरासाठी एक ठिपका आणि प्रत्येक ठिपक्याभोवती दोन वर्तुळं. आतलं वर्तुळ बोलणं कळण्याचं. बाहेरचं, त्याहून बरंच मोठं, नुसत्या त्रासाचं: तिथवर शब्द पोचत नाही, पण गलका पोचतो आणि दुसऱ्याचं बोलणं बुडवतो.

एवारिस्तोने त्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे आमच्या बारकीचं चित्र आहे," तो म्हणाला. "बोलणं कुंपणापर्यंत, त्रास डोंगरापर्यंत."

"तुझं काढलं असतं तर कागद पुरला नसता," बाई म्हणाल्या.

कोण कोणाला किती बुडवतो, हे मोजायचं होतं. यानिनाने त्यासाठी दुपारच्या झोपेची वेळ निवडली. ताला वेर्देत जेवणानंतर ऊन कलेपर्यंत कुत्रंसुद्धा भुंकत नाही. त्या वेळी कोणाचं दार वाजवणं म्हणजे त्याच्या मेलेल्या आईला शिवी देणं. यानिनाला तेच सोयीचं होतं. बाकी सगळे गप्प असताना दोनच राऊटरांना बोलायला लावायचं आणि तिसऱ्याला किती त्रास होतो ते टिपायचं, मग दुसरी जोडी, मग तिसरी. टोपी घालून ती एकटीच छपराछपरांवर चढायची. जोडीजोडीने सगळ्यांची परीक्षा झाली आणि निकाल चांगला लागला. प्रत्येकाने हलक्या आवाजात बोललं तर कोणाचीही कोणाशी भांडण होण्याइतकी गाठ पडत नव्हती.

"झोपलेल्या गावाइतकं गुणी गाव जगात सापडायचं नाही, पोरी," एवारिस्तो येर्बाचा कडू काढा नळीने ओढत म्हणाला.

यानिना हसली. "म्हणून तर जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, परत येणार आहे. पाहुणे असताना, सगळे जागे असताना मोजायला. तोवर एक करा. यंत्रातली आवाजाची खूण मी जिथे ठेवलीय तिथून हलवू नका. जो वाढवेल त्याचं भलं होईल, पण त्याचं एकट्याचं आणि थोडाच वेळ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला गाव नेहमीच तयार असे.

ती पहिली वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. रोज उजाडताच वरून एवारिस्तोचा आवाज यायचा, "मेलो नाही अजून."

खालून बाई, "जेवलास?"

"आत्ताच तर उठलो."

"रात्रीचं विचारतेय."

"रात्री चीज खाल्लं."

"चीज म्हणजे जेवण नव्हे, एवारिस्तो!"

हे सगळं माझ्यातून जायचं. कोणाची सून परगावी आजारी पडली तो निरोप मी नेला, शाळेच्या परीक्षेचे निकाल मी आणले, शेळी हरवल्याची आणि सापडल्याची बातमी मीच फिरवली. जाता-येता लोक टाकीकडे बघून म्हणत, "आपला मधला आहे म्हणून बरं." रोसेन्दोशेठने तर वादळानंतर माझी पेटी स्वतः पुसली, मला पावसाळी प्लॅस्टिकची नवी टोपी आणून दिली. तो माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

आता नदीविषयी सांगायला हवं. आमची नदी उन्हाळ्यात घोट्याएवढी असते. पण वर शिखरांमागे पाऊस कोसळला की इथे निळं आकाश असतानाच पाण्याची भिंत घळीतून सुटते, दगड, झाडं, मेलेली गुरं घेऊन. तो लोंढा आधी दिसतो एकट्या एवारिस्तोला. त्याच्या बापापासूनची रीत होती. लोंढा दिसला की गावच्या संताच्या उत्सवातले राखून ठेवलेले दारूचे मोठे बार उडवायचे. बार ऐकले की खाली सगळे काठ सोडून वर पळत.

पण बारांनी पाहुण्यांची तान्ही पोरं किंचाळायची, त्यांचे शहरी कुत्रे गाड्यांखाली घुसायचे, आणि कधी कधी लोंढा वाटेतच जिरून जायचा. मग रोसेन्दोच्या दुकानात लोक नाक मुरडून म्हणायचे, पुढच्या वर्षी दुसरीकडे जाऊ. तेव्हा अल्गारोबोच्या झाडाखालच्या सभेत रोसेन्दोने विषय काढला.

"आता जाळं आहे ना? एवारिस्तोने निरोप टाकायचा, काठावर एदेल्मिराबाईंच्या फोनवर वाजेल, त्या सगळ्यांना उठवतील. शांतपणे. माणसांसारखं."

"आणि निरोप नाही पोचला तर?" एवारिस्तोने विचारलं.

"आजवर कुठला पोचला नाही?"

खरंच, तोवर पोचला नाही असा एकही नव्हता. हात वर करायची वेळ आली. एदेल्मिराबाईंनीही हात वर केला. काठावर पाहुणे टिकले तर त्यांचा पाव खपत होता, आणि भावाने म्हातारपणी फटाक्यांच्या दारूशी खेळू नये असंही त्यांना वाटत होतं. एवारिस्तोने बारांची पेटी विहीणबाईच्या पाठीवर बांधून खाली आणली आणि रोसेन्दोच्या कोठारात ठेवली. विहीणबाई म्हणजे त्याचं खेचर. चालताना सारखी कुरकुर करायची म्हणून ते नाव.

माझ्या दुखण्याची सुरुवात त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाली. रोसेन्दोने दुकानात मोठा पडदा लावला, फुटबॉलचे सामने दाखवायला. चित्र अडकायला लागलं तसं गिऱ्हाईक ओरडायला लागलं. त्याने गुपचूप आपल्या राऊटरची खूण थोडी वर सरकवली. चित्र सुधारलं. शेजारची मिर्ता नर्स, ती पाहुण्यांना खोल्या द्यायची. रोसेन्दोच्या गलक्यात तिचं जाळं रडायला लागलं, म्हणून तिने आपली खूण सरकवली. मग तिच्या शेजाऱ्याने. मग सुताराने, लाजत लाजत. पाहुण्यांसाठी नव्या खोल्या निघाल्या, नवे राऊटर लागले, ते तर पहिल्या दिवसापासूनच बोंबलत आले. कोणीही फार वाढवला नव्हता. रोसेन्दोचा एकट्याचा गलका मला सहज सोसवला असता. मिर्ताचा एकटीचाही. यानिनाचा कागद त्या बाबतीत खरा होता. पण थेंबे थेंबे तळं साचतं, आणि त्या तळ्याच्या मधोमध मी उभा होतो. एका कानात सगळं गाव, दुसऱ्या कानात थकलेल्या बॅटरीवरचा तो हलका आवाज.

एके सकाळी वरून निरोप आला. मी तो पुनःपुन्हा मागितला, तरी मधलं अक्षर न् अक्षर गलक्यात बुडालं. एदेल्मिराबाईंना पोचलं ते एवढंच, "मेलो... अजून."

बाईंनी चूल तशीच टाकली आणि डोंगर चढल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा त्यांच्या मागे विहीणबाईवर एवारिस्तो होता आणि दोघांचं भांडण वरपासून चालूच होतं.

"मेलो म्हणालास तू!"

"मेलो नाही म्हणालो! त्यातलं नाही तुझ्या टाकीने खाल्लं!"

"मी वर येईपर्यंत अर्धी मेले, आणि तू बसलायस चीज खात!"

"मग जेवलो ना? नेहमी तेच विचारतेस."

हसण्यावारी गेलं, पण बाई तशाच रोसेन्दोच्या दुकानात गेल्या. त्या आल्यावर मला सगळं ऐकू आलं, कारण टाकीखाली बसून त्यांनी भावाला शब्दन् शब्द सांगितला.

"रोसेन्दो म्हणतो, मी? मी तर एवढंसंच वाढवलंय. मिर्ता म्हणते, त्यांनी आधी वाढवलं. सुतार म्हणतो, माझ्याकडे कोण बघतंय, मी छोटा माणूस. आणि बार परत द्या म्हटलं तर रोसेन्दो म्हणतो, सुट्टी संपू द्या, मार्चमध्ये सभा घेऊ."

"आणि ती पोर? यंदा तरी जानेवारीत येणार होती ना मोजायला?"

"तिचा निरोप आलाय. सुट्टीत घरच्यांबरोबर समुद्रावर गेलीय. मार्चमध्ये येते म्हणाली."

"मार्चमध्ये गाव झोपलेलंच सापडेल तिला," एवारिस्तो म्हणाला आणि खेचरावर बसून वर निघून गेला.

तो रविवार मला विसरता येत नाही. आकाश निळं, ऊन कडक. काठावर छत्र्यांची रांग, पाण्यात पोरं, भट्टीतून पावाचा वास. रोसेन्दोच्या दुकानात मोठा सामना, खोल्याखोल्यांत तोच सामना, शिवाय दुकानात न मावलेल्यांच्या हातांतल्या फोनवरही तोच. जेवणं झाली होती, पण त्या दिवशी गावात दुपारची झोप कोणी घेतली नाही. सगळं ताला वेर्दे एकदम जागं आणि एकदम बोलतं होतं. असं गाव कोणी कधी मोजलंच नव्हतं.

तेवढ्यात डब्याच्या कानाला वरचा आवाज लागला. तुकडा होता. पुन्हा मागितला. पुन्हा तुकडाच, वर सामन्याचा एक तुकडा मिसळलेला. माझ्या भाऊबंदाने पुन्हा पाठवला, पुन्हा पाठवला. आमच्या जातीचा एक नियम आहे, मित्रांनो. ठरलेल्या खेपा झाल्या आणि पलीकडून पोच मिळाली नाही, की तो निरोप सोडून द्यायचा. तो नियम कोणी दुष्टपणाने केलेला नाही. कारखान्यात बसून केलाय, जिथे नदी नाही.

वर एवारिस्तो फोनकडे बघत पोचेची वाट पाहत होता, हे मला नंतर कळलं. पोच आली नाही. बार खाली कोठारात. मग त्याने जे केलं ते मला टाकीवरून दिसलं. धारेवरच्या आडवाटेने, जिथून शेळ्यासुद्धा जपून उतरतात, विहीणबाई दगड उडवत खाली येत होती. वर तिच्या मानेला बिलगलेला म्हातारा, हातात टोपी, ती फिरवत. आवाज टाकीपर्यंत येण्याआधीच मागे घळीतून दुसरा आवाज सुरू झाला होता. भरलेला ट्रक खडीवरून उतरावा तसा.

"बारके!" तो काठावरच्या शेवटच्या कड्यावरून ओरडला. "पाणी! बारके, पाणी!"

बाईंनी वर पाहिलं. नंतर त्या म्हणायच्या, त्याचा चेहरा बघून पुढचं विचारावं लागलं नाही. त्यांनी पावाचं पत्र्याचं ताट उचललं आणि भट्टीच्या लोखंडी दारावर बडवत सुटल्या. "वर! सगळे वर! पोरं उचला, सामान राहू दे!" एका बाईला त्यांनी दंडाला धरून ओढलं. ती छत्री मिटत बसली होती. "बाई, छत्री पुन्हा मिळेल!" सगळे वर आले. शेवटचा माणूस चढला आणि पाठोपाठ पाण्याची भिंत आली. छत्र्या गेल्या, टेबल गेलं. भट्टी क्षणभर तग धरून उभी होती. आत निखारे होते, म्हणून जाताना तिच्यातून मोठा वाफेचा लोट निघाला.

सगळे वाचले. एकाचंही नख तुटलं नाही, असं पाहुणे नंतर शहरात सांगत असतील.

पण त्या कड्यावरून उतरताना विहीणबाईचा पाय ओल्या दगडावर सटकला आणि दोघं कोसळली. ती उठली. एवारिस्तो उठला नाही. बाई धावत गेल्या तेव्हा तो दगडाला टेकून बसला होता, पाय विचित्र वळलेला. मिर्ताने त्याच्या खुब्याला हात लावला आणि दवाखान्याची गाडी बोलवायला पळाली.

"निरोप टाकला होता मी," तो बहिणीला म्हणाला. "खरंच टाकला होता."

"ठाऊक आहे."

"आज जेवलोही नाही. आता झाप."

बाईंनी झापलं नाही. मी टाकीवर बसल्यापासून पहिल्यांदाच असं झालं होतं.

पुढची सभा मार्चची वाट न बघता झाली. एकेक जण उठून सांगत गेला, "मी थोडंसंच वाढवलं होतं." आणि मित्रांनो, एकही खोटं बोलत नव्हता. रोसेन्दोने सगळ्यांदेखत आपली खूण पहिली खाली आणली. मग बाकीच्यांनी. संध्याकाळी बारांची पेटी घेऊन तो एदेल्मिराबाईंच्या घरी आला. एवारिस्तोला दवाखान्यातून तिथेच खाटेवर आणून ठेवलं होतं. पेटी पायाशी ठेवून रोसेन्दो टोपी चुरगळत उभा राहिला.

"आता हे खालून उडवू?" एवारिस्तो म्हणाला. "नदीला सांगायला, की गाव येतंय?"

बाईंनी येर्बाचा काढा पुढे केला तो रोसेन्दोने घेतला, आणि तो थंड होईपर्यंत हातातच धरून बसला.

यानिना मार्चमध्ये आली. या खेपेला तिने दुपारी मोजलं नाही. संध्याकाळी सगळी यंत्रं लावायला लावली आणि टाकीखाली बसून माझं दुखणं ऐकलं. मग बाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हात हलत नव्हते.

"मावशी, कागद खोटा नव्हता, अपुरा होता. मी दोघादोघांची भांडणं मोजली. सगळ्यांची बेरीज केलीच नाही. आणि त्या दिवशी मी इथे असायला हवं होतं. समुद्रावर होते."

"मी भट्टीपाशी होते, पाव विकत," बाई म्हणाल्या. "सभेत हातही वर केला होता. प्रत्येक जण कुठे ना कुठे होताच, पोरी. बस, जेवून जा."

त्यानंतर माझ्याभोवतीची हवा पुन्हा स्वच्छ झाली. मग एका कंपनीचा मनोरा पलीकडच्या टेकडीवर उभा राहिला आणि गाव त्याच्याकडे वळलं. माझी पेटी पुसायला कोणी येईनासं झालं. ओर्नेरो पक्ष्याच्या जोडीने माझ्या डब्यावर चिखल आणून घर बांधलं, गोल, पुढे दार ठेवलेलं, अगदी भट्टीसारखं. गावात तेवढी एक भट्टी उरली. वर घळीतला माझा भाऊबंद अजून ऊन असेपर्यंत म्हणत असतो, मी आहे, मी आहे. त्याचा प्रत्येक शब्द मला आता स्पष्ट ऐकू येतो. पण त्याच्यापाशी निरोप नसतो. एवारिस्तोचा खुबा पुन्हा जुळला नाही, झोपडी रिकामी आहे, शेळ्या पलीकडच्या खोऱ्यात गेल्या, आणि तिथे एकट्याने राहून नदी बघायला कोणी तयार झालं नाही. मनोऱ्यालाही नदी दिसत नाही. उन्हाळ्यात आता लोक काठावर बसतात ते मागे वळून वळून बघत.

मित्रांनो, माझ्यासारख्या गंजलेल्या डब्याचं मागणं फार मोठं नाही. आपला आवाज थोडासाच वाढवताना कोणाला वाटत नाही की आपण कोणाचं काही बुडवतोय. तरी वाढवण्याआधी एकदा मध्ये कोण उभा आहे ते बघा, आणि तो कोणाचा हलका आवाज ऐकायची धडपड करतोय तेही.

राहिला हिशेब. रोसेन्दोचा सामना बरोबरीत सुटला. पाहुण्यांचे टॉवेल आणि छत्र्या गेल्या, त्यांनी दुसऱ्या घेतल्या असतील. यानिनाच्या प्रबंधात बेरजेचं नवं प्रकरण आलं आणि त्याची वाहवा झाली. आणि एदेल्मिराबाईंना हव्या होत्या त्या तिन्ही गोष्टी मिळाल्या. भाऊ सकाळी जिवंत उठला हे त्यांना आपल्या खाटेवरूनच दिसतं. जेवला का, हे कळतं, कारण ताट त्याच पुढे ठेवतात. झापायचं तर चार पावलांवर आहे. पण तो खिडकीतून डोंगराकडे बघत असतो, आणि त्या झापत नाहीत. आमच्या सगळ्यांच्या थोड्याथोड्याचं मोल एवारिस्तोने एकट्याने मोजलं.